चांदमारीवरची तुराटी

"उस्ताद, गोळी यंत्राच्या मधून काढायची आहे, यंत्राला मारायची नाही," कुलदीप साहेब हसत म्हणाले, आणि मागे रांगेत उभी असलेली नव्या भरतीची पोरं फिसकन हसली. कडूबा हसला नाही. त्याने पिस्तुलात मॅगझिन सरकवलं आणि उगाच आकाशाकडे पाहिलं.

चांदमारीच्या मैदानावर गोळीबार चालू असल्याचा लाल झेंडा लागला होता. पुढ्यात चार पावलांवर, तीन पायांच्या स्टँडवर ते यंत्र होतं. लांबट डबडं, त्याच्या दोन्ही टोकांना वर उघडणारे दांड्यांचे दोन जोड, दांड्यांवर पांढऱ्या पट्ट्या. गोळी त्या दांड्यांच्या मधून गेली की डबड्यातले दोन डोळे तिची सावली टिपतात, आणि एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला तिला किती वेळ लागला त्यावरून तिचा वेग सांगतात. नाव क्रोनोग्राफ. पोरांनी सकाळीच त्याचं बारसं करून 'मोजणीसाहेब' म्हणायला सुरुवात केली होती.

हा मोजणीसाहेब अमरावतीहून आला होता तो कडूबाच्या शब्दावर. पूर्वी कडूबाने मारलेल्या पाच गोळ्या आमटीच्या वाटीखाली झाकाव्यात अशा एका जागी बसायच्या. जिल्ह्यातल्या अर्ध्या पोलिसांना पिस्तूल धरायला त्याने शिकवलं होतं. पण गेले काही महिने त्याच्या गोळ्या कागदभर पांगू लागल्या होत्या. साहेबांनी सहज विचारलं तेव्हा तो बोलून गेला होता, "गोळीच मरेल हाय साहेब. पेटीले ओल लागली. जोरच नाही राह्यला तिच्यात."

उस्ताद म्हणतात म्हटल्यावर शंका कोण घेणार? साहेबांनी चार ठिकाणी फोन केले, मिनतवाऱ्या केल्या आणि एका दिवसापुरतं यंत्र मागून आणलं. संध्याकाळी ते परत जायचं होतं.

खरं काय ते कडूबाला ठाऊक होतं आणि त्याची बायको चांगुणा हिला. दिवाळीपासून त्याच्या उजव्या डोळ्यासमोर दुधावरच्या सायीसारखं काहीतरी आलं होतं. "डोयाले पडदा आला तुमच्या, एकडाव डॉक्टरले दाखवा," असं ती म्हणे, आणि "तुले लय समजते," असं म्हणून तो घराबाहेर पडे. एकदा तर खामगावची म्हणून चिखलीच्या गाडीत बसला. कंडक्टरने विचारल्यावर चूक लक्षात आली, पण हा गडी खाली उतरेल तर शपथ. "मले चिखलीलेच जाचं हाय," म्हणाला, आणि खरोखर चिखलीला जाऊन, तिथे चहा पिऊन परत आला. असल्या माणसाचं काय करायचं?

"चालू करा, उस्ताद."

पहिली गोळी सुटली. यंत्राजवळच्या आकड्यांवर नजर ठेवून रेणुका तायडे बाजूला उभी होती. पिंपळगाव राजाची पोरगी, कडूबाच्या हाताखाली तयार झालेली. उस्तादीच्या कोर्ससाठी तिचं नाव कडूबानेच सुचवलं होतं. तिने आकडा वाचला, "तीनशे ब्याण्णव, सर."

दुसरी. "तीनशे अठ्ठ्याऐंशी."

तिसरी. "तीनशे नव्वद."

साहेबांनी हातातला कागद पाहिला. "सेकंदाला इतके मीटर म्हणजे जेवढा पाहिजे तेवढाच. उस्ताद, गोळी तर ठणठणीत आहे." मग त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावून लांबच्या टारगेटकडे पाहिलं. तिन्ही भोकं तीन दिशांना होती, एक तर कागदाच्या अगदी काठावर. दुर्बीण त्यांनी जरा जास्त वेळ डोळ्याला ठेवली.

कडूबाचे कान तापले. आता बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण जीभ उचलेना आणि तोंडातून भलतंच निघालं, "ह्या वरच्या थरातल्या हायेत साहेब. खालच्या थरातल्या घेऊन पाहू. ओल खालून लागते."

खालच्या थरातले राऊंड आले. कडूबाने पिस्तूल उचललं. पुढे पिवळट उजेड होता, उजेडात एक काळपट डाग होता, तेच टारगेट असं धरून त्याने घोडा दाबला. गोळीच्या आवाजाबरोबर फाटकन काहीतरी मोडलं. यंत्राचा एक दांडा उडून गवतात पडला आणि पांढरी पट्टी लोंबकळू लागली.

साहेबांचा चेहरा उतरला. मागून आणलेली वस्तू, अमरावतीला काय तोंड दाखवायचं?

"स्टँड कुणी लावलं होतं?"

"मी, सर," रेणुका म्हणाली.

"सरळ आहे का ते कुणी पाहिलं?"

"मीच, सर. नट ढिला राहिला असंल. यंत्र तिरपं झालं."

"तायडे, तुमचं नाव कोर्सला पाठवतोय मी. आणि तुम्हाला एक नट आवळता येत नाही? राहू द्या मग. पुढच्या वर्षी बघू."

कडूबाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? 'सुटलो.' होय, हेच आलं. दुसरं काही येण्याआधी हे आलं, आणि आलं तसं त्याला स्वतःची किळस वाटली. कारण तो नट सकाळी त्याने स्वतः आवळला होता. हाताने हलवून पाहिला होता, दोनदा. तरीही तो गप्प उभा राहिला.

"दांडाच तुटला, सर. मशीन चालू हाय," रेणुका खाली वाकून म्हणाली. "काडी बांधली तं चालंल." आणि परवानगीची वाट न पाहता ती मैदानाच्या कडेला निघाली. बांधापलीकडे सोंगलेल्या तुरीच्या काड्यांचे भारे रचून ठेवले होते. कडूबा पिस्तूल रिकामं करून, कमरेला लावून तिच्या मागे गेला.

ती भाऱ्यातली एक सरळ तुराटी निवडत होती.

"काऊन व असं बोलली? नट तं म्या आवळला व्हता."

"मले माहीत हाय."

"मंग?"

"तीन महिने राह्यले उस्ताद तुमचे रिटायर व्हाले. पोराइच्या समोर कायले?"

"तुले... कधीपासून माहीत हाय?"

रेणुकाने तुराटीची टोकं मोडली, साल सोलली. मान वर न करता ती म्हणाली, "संक्रांतीपासून. गोळी कुठी लागली हे तुमी आता टारगेटकडं पाहून नाही सांगत. माह्या तोंडाकडं पाहून सांगता. पह्यले मले समजलं नाही. मंग समजलं. तवापासून गोळी डावी गेली की मी मुद्दाम डावीकडं मान करते, उजवी गेली की उजवीकडं."

कडूबा बांधावर खालीच बसला. त्याला वाटत होतं, आपण सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ टाकली. आणि ही पोर दीड महिना त्याला रस्ता ओलांडून द्यावा तशी हाताला धरून चालवत होती, आणि त्याला हात धरल्याचंही कळू दिलं नव्हतं. चारचौघांत कानफटात बसली असती तरी त्याला एवढी लाज वाटली नसती. आणि आता तिचा कोर्सही गेला होता, त्याच्यापायी.

"चला उस्ताद, साहेब वाट पाहून राह्यले," ती म्हणाली.

परत आल्यावर ती तुराटी बांधायला बसली. कडूबा सरळ साहेबांपुढे जाऊन सावधान उभा राहिला. पोरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "साहेब, नट आवळेलच व्हता. तो म्याच आवळला. गोळी माही चुकली. पेटीले ओलगिल काही लागली नाही. मले दिसत नाही."

"काय?"

"उजव्या डोयानं दिसत नाही. दिवाळीपासून."

साहेब त्याच्याकडे पाहत राहिले. आपण रागावू, ओरडू असं त्यांनाही वाटलं असावं, पण आवाज उलट खालीच गेला. "आणि या पोरांना फायरिंग तुम्ही देत होता, उस्ताद? रोज? एखादं पोर पुढे गेलं असतं आणि तुम्हाला दिसलं नसतं तर?"

याचा विचार कडूबाने केला नव्हता असं नाही. रात्री अंथरुणावर केला होता आणि सकाळी पट्टा बांधताना गिळला होता. "व्हय साहेब," एवढंच तो म्हणाला. मघाशी फिसकन हसलेली पोरं आता पायाखालच्या मातीकडे पाहत होती. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"पिस्तूल द्या."

त्याने पिस्तूल काढलं. मॅगझिन बाहेर घेतलं, वरचा भाग मागे ओढला, आत बोट घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली. सगळं जसं शिकवत आला होता तसं. साहेबांनी ते घेतलं नाही. "तायडेंना द्या," ते म्हणाले. "उरलेले राऊंड त्या मारतील. त्यांचं नाव आजच जाईल."

रेणुकाने दोन्ही हातांनी पिस्तूल घेतलं. मोजणीसाहेबाचा एक दांडा आता तुराटीचा होता, आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं. गोळ्या एकामागून एक मधून गेल्या. साहेब स्वतः आकडे वाचत होते. तीनशे एक्क्याण्णव. तीनशे एकोणनव्वद. लांब टारगेटवर भोकं एकमेकांना चिकटून पडत होती असं पोरांच्या कुजबुजीवरून कळत होतं.

फायरिंग संपलं. आता पुंगळ्या. मारलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पुंगळी शस्त्रागारात जमा करावी लागते, एक कमी असली तरी मैदान सोडता येत नाही. हे काम नव्या पोरांचं. उस्ताद मागे हात बांधून उभे राहतात आणि पोरं गवतात रांगतात, अशी रीत. पण आज पोरं हलायच्या आत कडूबाच गुडघ्यांवर बसला होता. पिवळ्या गवतात पिवळी पितळ. तो हाताने चाचपत होता, सापडली की टोपीत टाकत होता.

"एक कमी हाय," शेवटी तो म्हणाला. एक पोरगं पुढे यायला निघालं, त्याला रेणुकाने नजरेनेच थांबवलं.

कडूबाने मान वर केली आणि सगळ्यांच्या देखत तिच्या तोंडाकडे पाहिलं. रेणुकाने फक्त मान उजवीकडे केली. त्याने हात उजवीकडे सरकवला. पुंगळी तिथेच होती, अजून कोमट.