पाटीवरची सवत

आमच्या मासळी बाजाराचा जुना नियम आहे: जो फसला, त्याने नाव ठेवायचं. हाताला येता येता बोट फाडून पळणाऱ्या माशाला कुणीतरी वैतागून 'जावई' म्हटलं. तव्यावर पडताच निम्मा होणारा तो 'फुशारक्या'. ही नावं बसल्याबसल्या सुचलेली नाहीत, प्रत्येकाने किंमत मोजलेली आहे.

'सवत' हे नाव माझ्या आजीचं. तोवर ती मासळी 'राणी' म्हणूनच खपायची. तसाच रुपेरी रंग, तसंच निमुळतं तोंड. फरक एवढाच, की राणीच्या अंगावरची रेघ सरळ जाते आणि हिची कल्ल्यामागे वाकते. हिची गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, विषारी असते, हे आजीला माझा धाकटा काका ती खाऊन गेल्यावर कळलं. सात वर्षांचा होता. आठवड्याने आजी ओट्यावर परतली, ती मासळी शेपटीला धरून सगळ्या बाजाराला दाखवली आणि म्हणाली, "ही सवत. हिचं पोट बाहेर फाडायचं, मगच घरात घ्यायची." तेव्हापासून आमच्याकडे एकही सवत अख्खी विकली गेली नव्हती.

मग छापखाना आला. म्हणजे बाजाराचे नवे साहेब. छापलेलं नसेल ते त्यांना पटतच नाही, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. त्यांनी गाळ्यागाळ्यावर एक यादी वाटली. फोटो बघून बनवलेली. त्यात राणी आणि सवत मिळून एकच मासा, 'चंदेरी'. पाटीवर यादीतलंच नाव लिहायचं आणि चंदेरी अख्खीच विकायची, असा हुकूम.

"साहेब, हे दोन मासे आहेत," मी म्हटलं.

"यादीत एकच आहे."

"मग यादी पाण्यात सोडा. बघू पोहते का."

शेजारची कोळंबीवाली फिस्सकन हसली. साहेबांचे कान लाल झाले. "सवत! हे काय पाटीवर लिहायचं नाव आहे? उद्या पुसलेलं दिसलं नाही, तर गाळ्याला कुलूप."

नवरा पाठीच्या दुखण्याने दोन वर्षं घरात. चूल पेटते ती या गाळ्यावर. कोळंबीवाली समजावत राहिली, "अगं, खडूची तर अक्षरं. पोटापुढे नावाचं काय घेऊन बसलीस?" मला तिचा भयंकर राग आला, कारण तिचं निम्मं खरं होतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला झोप लागेल ते कर."

सकाळी मी 'सवत' दुप्पट मोठं लिहिलं. खाली लिहिलं, 'पोट फाडूनच देणार'.

दहा वाजता कुलूप लागलं. "माफीचं पत्र द्या, लगेच उघडतो," साहेब म्हणाले.

"पत्र कशाला? तुम्हीच छापून घ्या," मी म्हटलं, आणि पाटी, पाट आणि सुरी घेऊन बाहेर आले. फाटकासमोरच्या फुटपाथवर खोकं पालथं घातलं आणि पाटी मांडीवर घेऊन बसले. तिथे साहेबांची सत्ता चालत नाही.

पहिल्या दिवशी लोक नुसते बघून गेले. दुसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक पिशवी घेऊन बाहेर आलं. "मावशी, आत चंदेरी म्हणून दिलीय. ही कुठली?" मी रेघेवरून बोट फिरवलं. वाकली. तिथेच पोट फाडलं, गाभोळी डब्यात टाकली, मासळी परत दिली. तिसऱ्या दिवशी खोक्यासमोर रांग लागली. आत चंदेरी खपायची आणि बाहेर मी तिचं खरं नाव सांगायचे. विक्री शून्य, पण घसा कोरडा पडेपर्यंत बोलत होते.

चौथ्या दिवशी रांगेत एक पोरगी आली. सातवा-आठवा महिना असावा. पिशवी पुढे करून हळूच म्हणाली, "बाबांनी पाठवलंय. ते आत ऑफिसात आहेत. म्हणाले, बाहेरच्या मावशींना दाखवून ये, पण माझं नाव सांगू नकोस."

मी वर पाहिलं. साहेबांच्या ऑफिसच्या खिडकीचा पडदा हलला.

पिशवीत दोन मासळ्या होत्या. एकीची रेघ सरळ, दुसरीची वाकडी. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं की म्हणावं, 'दोन्ही चंदेरीच आहेत, बाई, यादीत बघ.' मग तिच्या पोटाकडे नजर गेली आणि माझीच मला लाज वाटली. सवत फाडली. गाभोळी चांगली मूठभर निघाली. ती तिला दाखवली, डब्यात टाकली, मासळी दोनदा धुतली आणि पिशवीची गाठ मारली.

"बाबांना काय सांगू?" तिने विचारलं.

"सांग, निवांत जेवा," मी म्हटलं. खिडकीपर्यंत जाईल एवढा आवाज काढला. "आणि सांग, इथे जो फसला, त्याने नाव ठेवायचं. त्यांना फसू दिलं नाही मी. तेव्हा नाव माझ्या आजीचंच राहणार."