फळ्यावरची नदी

माझ्या डोळ्यांची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी ॲमेझॉनमध्ये पडो!

ॲमेझॉनकाठच्या इकितोस शहरातल्या बेलेन वस्तीत, खांबांवर उभ्या लाकडी घरात एदिल्मा राहायची. सोबत तिची आई सोइला आणि एक वाचाळ पोपट. एदिल्मा सकाळी बंदरावरच्या मोजपट्टीवर नदीची पातळी बघून वहीत मांडायची आणि दुपारी अस्द्रुबाल मास्तरांकडे इंग्रजी शिकायची. परदेशी शिकायला जायचं, तर परीक्षेत आलेख बघून त्याचं इंग्रजीत वर्णन करावं लागतं ना! रेघ नुसती चढली म्हणून भागत नाही. हळूहळू चढली की उसळली, उतरली की कोसळली, दरेकाला वेगळा शब्द.

"आहे तेवढंच लिहायचं!" मास्तर ओरडायचे. "मनचं घातलंत की मार्क गेले!"

पुस्तकं महाग, म्हणून आलेख मास्तरच मनाने काढायचे. एका सोमवारी त्यांनी नदीच्या येत्या दिवसांच्या पातळीचा काढला. मंगळवारी मोजपट्टीवर नेमका फळ्यावरचाच आकडा. बुधवारी तोच प्रकार. गुरुवारीही तेच. दुपारी क्लासात बघते तर रेघ रविवारपर्यंत गेलेली, पार एकवीस फुटांवर. आईच्या घराची जमीन अठरावर!

"मास्तर, शनिवार-रविवार कधी काढलेत?"

"मी शुक्रवारपर्यंतच काढलं होतं. मला वाटलं, तूच आगाऊपणा केलास."

दोघांनी ओल्या फडक्याने फळा घासला. फळा वाळला तशी रेघ परत वर आली.

एदिल्मा घरी धावली. "आई, चल मावशीकडे. तिचं घर उंचावर आहे."

"माझ्या लग्नापासून नदी या घरात शिरली नाही," सोइला म्हणाली. "आता खडूला भिऊन पळू? वेडी की काय तू!"

"उसळली! उसळली!" पोपट ओरडला.

शनिवारी पाणी घराच्या जमिनीपासून जेमतेम वीतभर खाली होतं. आई हलेना. एदिल्मा एकटीच क्लासात गेली, खडू उचलला आणि शनिवारच्या ठिपक्यापासून आडवी रेघ ओढली. खाली इंग्रजीत लिहिलं: पातळी स्थिर राहिली. वर चढलेली रेघ कुणी चोखून घ्यावी तशी विरली.

ती पळत घरी आली. पाणी थांबलं होतं. पण असं थांबलं, की बघवेना. प्रवाहातलं पान जागच्या जागी. होडी वल्ह्यासकट अडकलेली. उडी मारलेला मासा हवेतच. आणि घरात सोइला, चमचा ओठांपाशी धरून, पापणी न हलवता बसलेली.

"आई?" हात लावला तर लाकूड.

एदिल्मा उलट्या पावली फळ्यापाशी. रेघ खाली ओढली आणि घाईत 'कोसळली'चं पहिलं अक्षर लिहिलं, तोच लांबून घरांचे खांब करकरले. पाणी असं एकदम ओसरलं असतं, तर काठासकट अख्खी वस्ती गेली असती. तिने अक्षर तळहाताने पुसलं, श्वास घेतला आणि अगदी सावकाश लिहिलं: हळूहळू, एकसारखी उतरत गेली.

घरी पोचली तेव्हा सोइला भुरके मारत होती. "सूप गार झालं की गं! होतीस कुठे?"

तीन महिन्यांनी राजधानीत, लिमाला परीक्षा. एदिल्माने प्रश्नपत्रिका उघडली. आलेख नदीचा. रेघ सतरापर्यंत छापलेली आणि पुढे, तिच्या डोळ्यांदेखत, कागदावर आपणहून वर सरकत होती. साडेसतरा. आईची जमीन अठरावर.

आहे तेवढंच लिहायचं, हा नियम तिला पाठ होता. तिने पेन टेकवलं आणि लिहिलं: मग ती हळूहळू उतरली. रेघ थबकली, वळली, खाली निघाली.

मार्क गेले. परदेश गेला. बेलेनच्या त्या घरात सोइला आजही लेकीच्या नावाने ओरडत केळी तळते.

बरं बाई, कवळीची काळजी म्हणून सांगते: पोपट मीच घातला. सोइलाकडे कोंबडी होती, आणि ती काही बोलायची नाही.