स्वतःच्या पुस्तकाची परवानगी

वाचनालयाच्या अध्यक्षांना 'डिजिटल' हा शब्द भारी आवडायचा. नवा चष्मा लागलेला माणूस झोपतानाही तो काढत नाही, तसं त्यांचं या शब्दाचं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका कंपनीशी करार केला, चार हजार पुस्तकं पडद्यावर आली आणि "आता ही धूळ कशाला सांभाळायची?" म्हणत त्यांनी तळमजल्यावरची कपाटं रिकामी करायला लावली. पुस्तकं रद्दीत गेली. रद्दीच्या यादीवर सही मात्र ग्रंथपालबाईंची होती. अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला आणि बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. पुढची दोन वर्षं मात्र मनातल्या मनात बोलतच राहिल्या आणि त्यातलं निम्मं स्वतःलाच उद्देशून असायचं.

त्या सोमवारी पडद्यावर पुस्तकांच्या जागी नुसती कुलपाची चित्रं दिसत होती. नेमक्या त्याच सकाळी सिस्टर आल्या. चाळीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या, म्हणून सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. एका हातात काठी, दुसऱ्या हाताला सून.

"माझं पुस्तक द्या हो," त्या म्हणाल्या. "आमचे हे तीन आठवडे अंथरुणाला खिळलेत. पाठ लाल व्हायला लागली आहे."

अंथरुणावरच्या रुग्णाची घरी देखभाल कशी करायची, यावर सिस्टरांनी निवृत्तीनंतर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. त्यात चित्रंही त्यांनीच काढली होती. जड माणसाला एकट्या बाईने कूस कशी बदलून द्यायची, चादर कशी ओढायची, उशी कुठे ठेवायची.

"तुम्हाला तोंडपाठच असेल की," बाई म्हणाल्या.

"वाटतं तसं. पण ऐन वेळी एखादी पायरी निसटते. हिला चित्रं हवीत. माझे हात आता थरथरतात, करून दाखवता येत नाही. घरातल्या सगळ्या प्रती मागेच वाटून टाकल्या, म्हटलं वाचनालयात आहेच."

बाईंनी कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला. त्याचा आवाज तुपात घोळलेला होता.

"मॅडम, पुस्तकं कुठेही गेलेली नाहीत. फक्त तुमच्या कराराची मुदत संपली, म्हणून प्रवेश बंद झाला आहे."

"आम्ही विकत घेतली होती ती."

"वाचण्याचा परवाना घेतला होता. दोन्हीत फरक असतो ना."

"या पुस्तकाच्या लेखिका माझ्यासमोर बसल्या आहेत."

"अरे वा! त्यांचं अभिनंदन करा आमच्या वतीने. पण त्यांनी करार केला आहे, हक्क आमच्याकडे आहेत. त्यांनी परवानगीसाठी अर्ज करावा. कामाचे चौदा दिवस लागतील."

बाईंनी निरोप सांगितला.

"चौदा दिवसांत पाठीला भोक पडेल," सिस्टर म्हणाल्या.

बाई उठल्या आणि त्यांनी जुनी रजिस्टरं काढली. परत न आलेल्या पुस्तकांची यादी त्यातच होती. अकरा वर्षांपूर्वी एका शिंप्याने हेच पुस्तक नेलं होतं आणि परत केलं नव्हतं. त्याला सात नोटिसा गेल्या होत्या. त्याचं नाव दाराजवळच्या फलकावर लावलं होतं, खाली ठळक अक्षरांत 'बेजबाबदार वाचक'. ती अक्षरंही बाईंनीच काढली होती.

दुपारी त्या शिंप्याच्या दुकानात गेल्या. त्यांना पाहताच तो मशीन सोडून उभा राहिला.

"आई सहा वर्षं अंथरुणावर होती," तो मान खाली घालून म्हणाला. "ती गेल्यावर शेजाऱ्यांना लागलं, मग मेहुणीला. द्यायचं राहूनच गेलं."

पुस्तकाचा कणा त्याने जाड दोऱ्याने शिवून घेतला होता. पानांवर तेलाचे डाग होते, पण अक्षर न् अक्षर शाबूत होतं. चार हजार पुस्तकं जपणाऱ्या वाचनालयाने आपल्याकडची प्रत रद्दीत घातली आणि बेजबाबदार वाचकाने त्याच्याकडची जपली! बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी त्याच्याकडे दंडाचा विषयसुद्धा काढला नाही. परत आल्यावर फलकावरची ती ओळ मात्र पुसून टाकली.

सुनेने त्या संध्याकाळीच सासऱ्यांची कूस चित्राप्रमाणे बदलली. आठवडाभरात लाली उतरली. ही बातमी पसरली तशी आणखी माणसं पुस्तक मागायला आली. प्रत एक आणि मागणारे वीस. बाईंनी झेरॉक्सचं नाव काढताच अध्यक्षांना दरदरून घाम फुटला.

"कॉपीराइट आहे! वाचनालय चोरी करणार का?"

"लेखिकाच काढा म्हणताहेत."

"त्यांचा काय संबंध?"

हे वाक्य आपण बोललो, याचं त्यांना काहीच वाटलं नाही. शिवाय शुक्रवारी ते 'ज्ञानाचं स्वातंत्र्य' या विषयावर भाषण देणार होते.

बाईंनी सिस्टरांकडून त्यांचा कंपनीशी झालेला करार मागवला. बारा पानं, बारीक अक्षर. सिस्टरांनी तो न वाचताच सही केली होती. रद्दीच्या यादीवर सही करणाऱ्या बाईंना त्यावर बोलायला तोंड नव्हतं, म्हणून त्या निमूट वाचत बसल्या. नवव्या पानावर एक कलम होतं. पुस्तक सलग वर्षभर विक्रीला उपलब्ध नसेल, तर लेखिकेने लेखी मागणी करताच हक्क तिच्याकडे परत जातील.

मागणीचं पत्र गेलं. कंपनीने कळवलं, पुस्तक उपलब्धच आहे, आमच्या संकेतस्थळावर पाहा. बाईंनी पाहिलं. मुखपृष्ठ होतं, स्तुती होती, आणि 'विकत घ्या' वर बोट ठेवलं की उत्तर यायचं: आपल्या भागात हे पुस्तक उपलब्ध नाही. त्यांनी परदेशातल्या भाचीला विकत घ्यायला सांगितलं. तिच्याही भागात नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या आतेभावाच्याही नव्हतं. वर्षभर एकही प्रत विकली गेली नव्हती, हे तर सिस्टरांना आलेल्या कंपनीच्याच विक्रीच्या हिशेबात छापलं होतं.

"पृथ्वीवर कुठल्या भागात मिळतं तेवढं कळवा," बाईंनी सगळे पुरावे जोडून लिहिलं, "म्हणजे आमच्या रुग्णांना तिकडे हलवता येईल."

दीड महिन्याने उत्तर आलं. कंपनी 'सद्भावनेपोटी' हक्क परत करत होती. पाकीटमाराने पाकीट परत करताना आशीर्वादही द्यावा, तसा त्या पत्राचा सूर होता.

अध्यक्ष लगेच सावध झाले. "आता हक्क वाचनालयाच्या नावावर करून घेऊ. सुरक्षित राहतील."

"कुणापासून?" सिस्टरांनी विचारलं.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

सिस्टरांनी परवानगी स्वतःच सांगितली आणि सुनेने ती लिहून घेतली. हे पुस्तक कुणीही वाचावं, छापावं, इंटरनेटवर ठेवावं, दुसऱ्याला द्यावं. माझं नाव राहू द्यावं. काही बदललं तर बदल कुणी केला ते लिहावं. बारा पानांच्या कराराला त्यांची चार ओळींची परवानगी भारी पडली.

बाईंनी शिंप्याच्या प्रतीचं पान न् पान स्कॅन केलं आणि सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी सिस्टरांना एकदा वाचून दाखवायला त्यांच्या घरी गेल्या. सून चहाचे कप आवरत होती. आतल्या खोलीत सिस्टरांचे यजमान उशांना टेकून बसले होते.

तिसरं प्रकरण चालू असताना सिस्टरांनी एकदम हात वर केला.

"थांबा. लाल झालेल्या जागी स्पिरिट चोळा, असं लिहिलंय मी?"

"हो. पावडरही लावा म्हटलंय."

"ते चूक आहे. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं होतं. आता चोळत नाहीत, उलट कातडी दुखावते." त्या कासावीस झाल्या. "सूनबाई, तू चोळलंस का गं?"

"नाही. ते वाक्य शिंपीदादांनी पेन्सिलने खोडलंय, फिकट आहे म्हणून स्कॅनमध्ये उमटलं नसेल. बाजूला लिहिलंय, डॉक्टर नको म्हणाले."

सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. आपलं चुकीचं वाक्य कंपनीच्या कुलपाआड जपून ठेवलेलं होतं आणि ते दुरुस्त करायलासुद्धा आपल्यालाच परवानगी लागली असती, हे त्यांना आता कळत होतं.

"लिहा बाई," त्या म्हणाल्या. "लाल झालेली जागा चोळू नये. त्या जागेवरचा भार काढावा. पुढच्या ओळीत लिहा, ही दुरुस्ती एका शिंप्याने केली."