लाल्या पिचकारीचं तोंड

एस.टी. स्टँडबाहेरच्या टपरीसमोर कुंदाताई पाच मिनिटं उभ्या होत्या, तरी त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. टपरीच्या पाटीवर त्यांचा लाल्या होता. तेच पुढे आलेले दात, तीच तिरकी टोपी, तीच ओठांतून सुटलेली तांबडी कमान. खाली ठसठशीत अक्षरं: लाल्या खर्रा सेंटर.

'टिटवी' हे चित्रकथांचं मासिक अकोल्याहून निघायचं आणि त्यातली लाल्या पिचकारीची गोष्ट अमरावतीच्या कुंदाताई लिहायच्या. शाळेतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांनी ती सुरू केली. गावात कुठे नवा रंग दिला, कुठे नवं बाकडं ठेवलं, की लाल्या जाऊन त्यावर थुंकणार, आणि नगरपालिकेचा जानराव बादली घेऊन त्याच्या मागे धावणार. मुलांना लाल्याची किळस यावी, एवढाच त्यांचा हेतू. तेरा वर्षं झाली, जानरावाचं नाव कोणाला आठवत नव्हतं.

टपरीतला पोरगेला माणूस खर्र्यासाठी प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना भरून ती लाकडी फळीवर खसाखसा घासत होता.

"काय पाहून राहिल्या आजी? खर्रा पायजे का?"

"हे चित्र कुठून आणलंस?"

"लाल्या आहे तो. लाल्याले नाई ओळखत? अमरावतीच्याच ना तुमी?"

"ओळखते. मीच लिहिते त्याला."

त्याचे हात थांबले. तो टपरीतून खाली उतरला आणि त्याच चुन्याच्या हातांनी कुंदाताईंच्या पाया पडला. म्हणाला, माझं नाव शिवम. पहिलीपासूनचे सगळे अंक जपून ठेवलेत. मग म्हणाला, "पाहा बरं, जमलं का ते," आणि मान किंचित मागे नेऊन त्यानं समोरच्या विजेच्या खांबावर धार सोडली. "मागच्या अंकातली आहे. आठ दिवस लागले मले."

धार आधी वर जाते, क्षणभर थांबल्यासारखी वाटते, मग वाकते. हे वाक्य कुंदाताईंनीच लिहिलं होतं, आता ते खांबावरून ओघळत होतं. त्यांनी मान फिरवली. घरी येऊन दोनदा पाय धुतले, तरी पावलांवर काहीतरी चिकटल्यासारखं वाटतच राहिलं.

किळस त्यांना नवी नव्हती. लहानपणी अचलपूरला आजोबांची पितळेची पिकदाणी रोज सकाळी रिकामी करायचं काम नऊ वर्षांच्या कुंदाकडे होतं. आजोबा वकील, त्यांच्याकडे येणारे पक्षकारही पान खाणारे. ती डोळे मिटून पिकदाणी उचलायची, श्वास धरून परसात जायची आणि ओतताना तोंड लिंबाच्या झाडाकडे करायची. एकदा ठेच लागली आणि ते सगळं तिच्या पिवळ्या फ्रॉकवर सांडलं. आई म्हणाली, "धुतलं की निघेल." निघालं नाही. तेव्हापासून थुंकणाऱ्या माणसाकडे त्यांनी कधी सरळ पाहिलं म्हणून नाही. चाहूल लागली की मान दुसरीकडे.

आणि तरी लिहिताना केवढी रंगत यायची. सकाळी सहाला चहा झाला की त्या टेबलाशी बसत. नात अबोलीनं फोनमध्ये कोरियन पोरांची गाणी भरून दिली होती, ती लावत. त्या पोरांवर सध्या त्यांचा फार जीव. भाषा कळत नाही हेच त्यांचं बरं, असं त्या सांगायच्या. कळणारी गाणी लावली की त्यातले शब्द लाल्याच्या तोंडी येऊन बसतात. लाल्या चौकटीत शिरायच्या वेळी मात्र अचलपूरच्या बँजोपार्टीचं जुनं रेकॉर्डिंग लागायचं, वरातीतलं, मध्येच कुणी शिट्टी मारलेलं. दुपारी वाचन. आयुष्यभर कादंबऱ्या वाचून झाल्यावर या वर्षी त्यांना किडींचा नाद लागला होता. रद्दीच्या दुकानात कपाशीवरच्या किडींचं एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं, ते त्या रहस्यकथेसारखं पुरवून पुरवून वाचत. गुलाबी बोंडअळी कळीत शिरते, आतून पाकळ्या एकमेकींना बांधून टाकते, आणि ते फूल पुरतं उमलतच नाही. त्याला डोमकळी म्हणतात. हे वाचून त्यांच्या अंगावर काटा आला होता आणि त्यांनी ते पान दुमडून ठेवलं होतं.

वर्षभर त्या लाल्याला अधिकाधिक घाण करत गेल्या होत्या. माश्या बसवल्या, स्वतःच्याच थुंकीवरून घसरवलं, एकदा तर गटारात पाडलं. वाचकांना ते जास्तच आवडलं. आता टपरीची पाटी पाहिल्यावर त्यांनी ठरवलं, पुढच्या अंकात लाल्या मरणार. ट्रकखाली, एका चौकटीत.

दुसऱ्या दिवशी त्या अकोल्याची बस धरून जठारपेठेत भगवंतरावांच्या छापखान्यात गेल्या. 'टिटवी'चे मालक, संपादक आणि गठ्ठे बांधणारेही भगवंतरावच.

"ताई, लाल्या मेला तर पोरं मोर्चा आणतील माझ्या दारावर," ते म्हणाले. "फोटोला हार घालतील त्याच्या. तुम्ही त्याला मारायला जाल आणि तो हुतात्मा होईल."

"त्याची किळस यावी म्हणून जन्माला घातला मी त्याला."

"मग चुकलंच तुमचं. इतका देखणा कशाला थुंकवला?"

कुंदाताई तणतणत शेजारच्या गल्लीत श्यामकडे गेल्या. लाल्या लिहिणाऱ्या त्या, काढणारा श्याम. अचलपूरच्या शाळेत तो त्यांचाच विद्यार्थी होता, फळ्यावर त्यांचं चित्र काढलं म्हणून त्यांनी त्याला बाकावर उभं केलं होतं. आज पन्नाशी उलटली तरी त्यांच्याशी बोलताना तो मान खाली घालून तोंडासमोर हात धरायचा. आजकालच्या पोरांना कुठे आहे अशी रीत, असं कुंदाताई चारचौघांत कौतुकानं सांगायच्या.

श्यामच्या बायकोनं, आरतीनं, पानं वाढली. ज्वारीची भाकर, वरण, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. कुंदाताई लाल्याच्या मरणाचा बेत सांगत होत्या आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष श्यामच्या ताटाकडे गेलं. ताटात भाजी नव्हती. ठेचा नव्हता. भाकर वरणात कालवून तिचा लगदा केला होता, आणि चमच्याच्या टोकानं, चिमणीच्या पिल्लाला भरवावं तसं, तो थोडं थोडं आत सारत होता.

"श्याम, ठेचा काहून नाही घेतला? शाळेत डब्यातून चोरून खायचास माझ्या."

"झोंबते, बाई."

"भाजी?"

आरती म्हणाली, "वर्षभर झालं बाई, मी सांगून सांगून थकली. तिखट जात नाई, घास जात नाई. पानीपुरी खाऊन दोन वर्स झाले त्याले. तुमाले सांगते म्हटलं तर शपथ घातली."

कुंदाताईंनी हात धुतले. "तोंड उघड," त्या म्हणाल्या.

"बाई, आता शाळा नाई राहिली."

"हात काढ आधी तोंडावरचा."

श्यामनं हात काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या त्याच्या तोंडाकडे सरळ पाहत होत्या. निरोगी तोंडात तीन बोटं उभी आत जायला हवीत, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "घाल बोटं," त्या म्हणाल्या. त्यानं एक बोट घातलं. दुसरं अर्ध्यावर अडकलं. दात तपकिरी, गालाच्या आत पांढरे पट्टे, सालपटासारखे ताठ. चुना, तंबाखू आणि नासलेल्या कशाचा तरी भपकारा आला. पिवळ्या फ्रॉकवर आला होता तोच. कुंदाताईंची मान आपोआप वळायला लागली. त्यांनी ती वळू दिली नाही.

"किती खातोस दिवसाला?"

"आठ. कधी दहा."

"आणि ती धार? इतकी हुबेहूब?"

"मागच्या भिंतीवर थुंकून पाहायचो, बाई. मग काढायचो." तो पुन्हा हात वर नेऊ लागला, मग त्यानंच तो खाली घेतला. "तुमी पत्रात लिहायच्या, श्याम, काय सुरेख जमली. आता नाई जमत तशी. दोन वर्सांपासून जुन्या चित्रांवरून काढून राहिलो."

कुंदाताईंना स्वतःचीच शिसारी आली. तोंडासमोरच्या त्या हाताला त्यांनी तेरा वर्षं आदर समजून मनातल्या मनात शाबासकी दिली होती.

"कागद दे," त्या म्हणाल्या.

जेवणाच्या जागीच बसून त्यांनी लिहिलं. कुठलंही गाणं लावलं नाही. लाल्या मरत नाही. लाल्या सकाळी उठतो, रंगवलेली भिंत बघतो, मान मागे नेतो, आणि धार येतच नाही. हनुवटीवरून लाळ गळते. पुढच्या चौकटीत तो भजं खायला जातो, भजं आत जात नाही. तो बोलतो तो फुगा पहिल्या चौकटीत मोठा, दुसरीत लहान, आठवीत वाटाण्याएवढा, त्यात एकच अक्षर मावतं. शेवटच्या पानभर फक्त तोंड, दीड बोट उघडलेलं, आतून दिसणारं. वर नाव लिहिलं: डोमकळी.

श्यामनं वाचलं. कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

"हे दुसऱ्याकडून काढून घ्या, बाई."

"दुसऱ्यानं कधी आतून पाहिलंय?"

"आरशात पाहावं लागंन."

"पाहा. आणि उद्या सकाळी आरतीसोबत दवाखान्यात जा. नाही गेलास तर हा कागद मी फाडीन आणि पुन्हा ओळ लिहिणार नाही. लाल्यासाठी नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही."

तो गेला. डॉक्टरांनी गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. चित्रं त्याच आठवड्यात आली. भगवंतरावांनी शेवटचं पान पाहिलं आणि पालथं घातलं. फोनवर म्हणाले, "ताई, हे पोरांना कसं द्यायचं? मला चहा नकोसा झाला."

"मग बरोबर आहे. छापा."

अंक निघाला त्याच्या चौथ्या दिवशी कुंदाताई स्टँडवर गेल्या. श्यामचा रिपोर्ट बुधवारी यायचा होता, अकोल्याला जाऊन बसायचं त्यांनी ठरवलं होतं. आरतीचा सकाळीच फोन आला होता: तेरा दिवस झाले, पन्नी आणली नाही, पण घरातल्या भांड्यांवर फार चिडून राहिला.

टपरीची पाटी होती तशीच होती. शिवम गिऱ्हाइकासाठी पन्नी घासत होता. कुंदाताईंना पाहून तो पाया पडायला उतरला नाही.

"आजी, या खेपेचा अंक बेकार आहे."

"काहून?"

"जेवता जेवता पाहून राहिलो होतो. ताट बाजूले सारावं लागलं. लाल्याचं असं करतात का कोणी? ते शेवटचं पान मी फाडून टाकलं."

"टाकलंस?"

"टाकलं म्हणजे..." त्यानं चुन्याच्या डब्याखालून चार घड्या घातलेला कागद काढला, उघडला नाही, पुन्हा तिथेच सारला. गिऱ्हाईक पन्नी घेऊन गेलं. शिवमनं इकडेतिकडे पाहिलं, हात पँटला पुसला आणि तीन बोटं जुळवून तोंडाशी नेली.

किळस येत होतीच. कुंदाताई मान न फिरवता बघत राहिल्या. दोन बोटं आत गेली. तिसऱ्यासाठी तो जबडा ताणू लागला.