आंबिलीचा ग्लास

बहात्तर पूर्णांक एक. योगिनीने चपला काढल्या, कानातले काढले, ओढणी खुर्चीवर टाकली आणि पुन्हा काट्यावर उभी राहिली. काटा ढिम्म. पंधरा दिवसांपूर्वीही त्याने हाच आकडा दाखवला होता.

"सत्तरच्या आत आल्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत," आहारतज्ज्ञ स्नेहल म्हणाली. "तीन आठवडे आहेत ताई. नंतर तुमच्या तपासण्या जुन्या होतील, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि रोहितला आता तेवढी सवड नाही."

रोहित योगिनीचा धाकटा भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरात किडनी जुळली ती एकट्या योगिनीची. पहिल्या महिन्यात तिचे सहा किलो भराभर उतरले होते. मग कुठे माशी शिंकली, देव जाणे.

स्नेहलने मोबाइलमधली तिची रोजची नोंद वरून खाली पाहिली. "चामरलेणीच्या डोंगराच्या पायऱ्या रोज दोनदा. घड्याळ म्हणतं पाचशे कॅलरी जळल्या. घड्याळाचा हात सढळ असतो, अडीचशेच धरा, आणि तेवढंच परत खा. पण खा हं. उपाशी राहून किडनी देता येत नाही."

"तेवढंच खाते."

"मग काहीतरी लिहायचं राहतंय."

योगिनीला राग आला. अंबडच्या कंपनीत स्टोअर सांभाळणारी बाई ती, एक नट इकडचा तिकडे होऊ देत नव्हती. पण रागापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती. काटा हलला नाही तेव्हा पोटात कुठेतरी तिला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली, की दवाखान्यातून घरी जाईपर्यंत ती रिक्षात मान खाली घालून बसली.

घर म्हणजे सध्या माहेर, मखमलाबादचा मळा. नवरा ज्ञानेश आणि मुलगी दिशा यांना सिडकोत ठेवून ती दोन महिने इथे राहायला आली होती. इथून पायऱ्या जवळ, आणि चढून आल्यावर आईच्या हातचं ताजं खायला मिळे. आई, कुसाबाई, तिच्यासाठी नाचणीची आंबील करून ठेवायची. ताकातली, पातळ, वर जिरं. नोंदीत योगिनी लिहायची: आंबील एक ग्लास, नव्वद. मग एक भाकरी, पालेभाजी. बरोबर अडीचशे.

"भाकरी किती ग्रॅमची केलीस?" असं तिने एकदा विचारलं, तर कुसाबाई उखडली होती. "तुझ्या त्या मोबाइलात काय लिहायचं ते लिही. मी नाय मोजणार. खाणाऱ्याचा घास मोजला की अंगी लागत नाय."

हीच कुसाबाई रोहितचं पाणी मात्र वाटीने मोजून द्यायची. डॉक्टरांनी दिवसाला ठरवून दिलेल्या वाट्या, त्यावर एक थेंब नाही. तो तहानेने कासावीस व्हायचा, ती पदराने डोळे पुसायची, पण वाटी भरायची नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे योगिनी पायऱ्या चढली. इरेला पेटून चढली, पोटऱ्या भरून आल्या तरी थांबली नाही. खाली उतरून मनगट पाहिलं तर घड्याळ बंद. रात्री चार्जिंगला लावायचं राहिलं होतं. मोजलं जाणार नसेल तर दुसऱ्यांदा चढायचं कशाला, असा येडा विचार तिच्या मनात आला आणि ती सरळ घरी निघाली. माणूस एकदा आकड्यांच्या नादी लागला की त्याची अक्कल अशी गहाण पडते.

मागच्या दाराने ती आत आली. कुसाबाई पाठमोरी उभी होती. ओट्यावर आंबिलीचं पातेलं, शेजारी लोण्याचा सट. कुसाबाईने बोटांनी लोण्याचा लिंबाएवढा गोळा उचलला आणि पातेल्यात सोडला. रवी फिरवली. तो विरघळल्यावर दुसरा सोडला.

"आई."

रवी थांबली. कुसाबाईने मागे पाहिलं नाही.

"रोज घालतेस?"

"मेहनत करती तू. कोरडं कसं द्यायचं?"

"आई, खरं सांग."

कुसाबाई वळली. हात लोण्याने माखलेले, ते कुठे पुसायचे हेही तिला सुचेना. "व्हय, रोज. तुझं वजन भराभर उतरलं तवापासनं. एक पोरगं सुयांनी चाळणी झालंय माझं. आता तू धडधाकट, तुला बी टेबलावर निजवू? दिशा बारा वर्सांची हाय. उद्या तुला काय झालं, तर तिला मी काय सांगू?"

"मग तसं म्हणायचंस ना! नको देऊ म्हणायचंस!"

"कोणत्या तोंडानं म्हणू?" कुसाबाईचा आवाज फुटला. "त्याला मरू दे असं आईनं म्हणायचं? म्हटलं, तुझं वजनच उतरलं नाय तर डॉक्टर नाय म्हणतील. आपल्यापैकी कुणाला म्हणाया नको. आन तुला बी भ्या वाटतंय, योगे. मला दिसतंय."

योगिनीला खोटं बोलता आलं नाही. "वाटतं," ती म्हणाली. "लय वाटतं. रोज त्या पायऱ्यांवर वाटतं. तरी चढते ना मी?"

तिने ग्लास भरला आणि आईसमोर धरला. आंबील काठावरून सांडत होती. "हा घे. आत जा आणि रोहितला सांग, यात काय आहे ते. मी नाही सांगणार."

कुसाबाईने ग्लास घेतला नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून रोहितचा आवाज आला, कोरडा, घशात अडकलेला.

"आई, माझी सकाळची वाटी राहिली का गं?"

कुसाबाईने घाईने हात धुतले. माठातून वाटी भरली, उजेडात धरून पाहिली, जास्तीचं पाणी परत ओतलं आणि आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा रिकामी वाटी तिच्या मुठीत घट्ट होती. ती योगिनीकडे न बघता ओट्याशी गेली, पातेलं उचललं आणि गोठ्यात नेऊन म्हशीच्या घमेल्यात पालथं केलं. लोण्याचा सट फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला.

मग तिने परातीत पीठ घेतलं. तवा तापला. पहिली भाकरी टम्म फुगली, ती तिने योगिनीच्या ताटात टाकली. आपल्या उभ्या जन्मात तिने कुणाच्या ताटातला घास मोजला नव्हता.

"एक," अखेर ती म्हणाली.

आणि परात बाजूला सारून तिने चूल विझवली.