नेफ्यातल्या तारा

सावली गावच्या नानाजींची मोटर अंगाने फोर्ड होती आणि काळजाने जीप. बाहेरचं धूड १९३४ सालचं. आतलं मूळ इंजिन थकलं तेव्हा नानाजींनी कामठीच्या लिलावातून लष्करी जीपचं इंजिन आणून त्यात बसवून घेतलं. ज्याने बसवलं त्याने फक्त बसवलं. तारा, नळ्या, रबरी पाइप जिकडे जागा मिळेल तिकडे कोंबून दिले आणि वर बोनट लावून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण मूठ झाकलेली राहील तर ना. १९५४ सालच्या त्या रस्त्यांवर मोटरचं बोनट बंद कमी आणि उघडं जास्त असे. घाट आला की उघडा, नदी आली की उघडा, पाणी ओता, वारा घाला. आणि बोनट उघडलं की गाव गोळा. मूल गावच्या बाजारात एकाने आत डोकावून म्हटलं, "नानाजी, कोंबडी फाडली का मोटर उघडली?" नानाजींना ते जे लागलं, ते मोटर घेऊन थेट वरोऱ्याला मुश्ताक मिस्त्रीच्या दारात उभे राहिले.

"मुश्ताकभाऊ, बोनट उघडलं का मले इंजिन दिसाले पायजे. बाकी काई नाई."

मुश्ताक 'हो' म्हणाला. त्याला 'नाही' म्हणणं परवडणारंच नव्हतं. आदल्या वर्षी एका इंजिनच्या पंख्याच्या पट्ट्याने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती आणि तेव्हापासून वरोऱ्यात जो तो म्हणू लागला होता की मुश्ताकचा हात गेला. चाकं बदलायला, स्प्रिंगचे पाटे ठोकायला लोक येत. बारीक काम घेऊन कोणी येत नसे. ही मोटर सुबक झाली तर त्याची मिस्त्रीगिरी राहणार होती, नाही तर जन्मभर पंक्चर काढत बसायचं. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला, हाजराला, त्याच्याहून जास्त ठाऊक होतं.

हाजरा शिवणकाम करी. घर आणि कारखाना यांच्या मध्ये तरटाचा पडदा होता, आणि त्या पडद्याला तिने डोळ्याएवढी एक शिवण उसवून ठेवली होती. मशीन चालवता चालवता तिकडे बघायची तिला खोडच होती. हे काय, ते कशाला, ती नळी कुठे जाते? लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिचे प्रश्न संपले नव्हते. नानाजींची मोटर आली तेव्हा तर ती दोन दिवस शिवणावर नीट बसलीच नाही. तिसऱ्या दुपारी गल्ली झोपल्यावर पडदा सारून सरळ बोनटपाशी येऊन उभी राहिली.

मुश्ताक तारा सोडवत होता. तीन बोटांत बारीक नट धरवत नव्हता, दर खेपेला खाली पडत होता.

"एक सांगा," हाजरा म्हणाली, "ह्या साऱ्या तारा एकमेकीच्या गळ्यात पडून काऊन राह्यल्या? यायले आपापल्या घरी जायचं नाई का?"

"जायचं हाय. पर रस्ता एकच हाय."

"कुठून कुठवर?"

त्याने दाखवलं. ड्रायव्हरच्या पायापुढच्या पत्र्यापासून निघायचं, कडेकडेने पुढे जायचं. दोन तारा दिव्यांना, एक हॉर्नला, बाकीच्या डायनामोकडे आणि इकडेतिकडे. अशा सात तारा.

"मंग नेफा शिवते ना मी," हाजरा म्हणाली. "पायजम्याच्या नेफ्यात नाडा लपते, तशा ह्या लपतीन."

मुश्ताक आधी हसला. मग हातातला पाना खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ह्या दुसऱ्या चार जाड्या मातर बाहेर राह्यतीन. यायच्यातून ठिणगी जाते."

"कशाची ठिणगी?"

ते समजावण्यात अर्धी दुपार गेली. पण त्या दिवसापासून रोज दुपारी दोघं बोनटवर वाकलेले असत. तो उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा सांगायचा आणि ती करायची. तिने जाड खादीचा लांब, अरुंद नेफा शिवला, जिथे तार बाहेर पडायची तिथे काजासारखं भोक ठेवलं. ओवणीने नाडा ओढावा तशी एकेक तार ओढली. नट तिच्या बोटांत असे बसत, जणू ती बटणंच लावते आहे. दिवसभरात गिऱ्हाईक आलं तर ती पडद्याआड आणि मुश्ताक पुढे.

आता सगळ्या तारा काळ्याच. कोणती कुठली हे कसं ओळखायचं? हाजराला अक्षर येत नव्हतं, पण गिऱ्हाइकांचे कपडे तिचे कधी अदलाबदल झाले नाहीत. प्रत्येकीच्या कापडाच्या टोकाला ती तिचा ठरलेला रंग आणि ठरलेल्या गाठी घालायची. तेच तिने इथे केलं. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना रंगीत दोरा गुंडाळला, गाठी मारल्या आणि नावंही देऊन टाकली. हॉर्न म्हणजे शेजारची रुखमाबाई, तीन गाठी, लाल दोरा, कारण तिचा आवाज स्टेशनपर्यंत जाई. उजवा दिवा गुणाबाई, डावा दिवा आशाबाई. मुश्ताकने हे ऐकलं आणि तोंडात रुमाल कोंबून हसला.

मग मात्र त्याचं बिनसलं. सगळं बसवून झाल्यावर तो चार पावलं मागे गेला. इंजिन एकटं, मोकळं, देवळातल्या मूर्तीसारखं दिसत होतं. पण नेफ्याच्या टोकांना लाल, पिवळे, हिरवे दोरे! हे बघून कोणीही शेंबडं पोर म्हणेल, बाईचं काम आहे. मग मिस्त्री कोण? हाजरा माहेरी भद्रावतीला दोन दिवसांसाठी गेली तेव्हा त्याने नेफा उतरवला, सुताराकडून लाखेच्या चपड्याचं पॉलिश आणलं, त्यात काजळी कालवली आणि नेफा, तारा, दोरे, सगळं काळंभोर करून टाकलं. वाळल्यावर चामड्यासारखं चमकलं. तो खूश झाला. रंगच गेले, हे त्याच्या ध्यानात आलं ते परत जोडताना. अंदाजाने जोडलं. हाजरा आली की तिच्याजवळ कबूल करू आणि तपासून घेऊ, असं त्याने ठरवलं.

हाजरा सकाळी आली. आणि तिच्या मागोमाग, ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच, नानाजी आले.

नानाजींनी बोनट उघडलं आणि त्यांचा चेहराच खुलला. गल्लीतली माणसं भोवती जमली. "अरे, तारा कुठी हाय?" कोणीतरी विचारलं. नानाजी वाकून, मान तिरपी करून बघत होते. मुश्ताकने उजवा हात फडक्यात गुंडाळून पाठीमागे ठेवला होता. पडद्याच्या भोकाला हाजराचा डोळा चिकटला होता. तिला काळा नेफा दिसला, तिच्या दोऱ्यांचे रंग कुठेच दिसेनात.

"दिवे लावून पाहू," नानाजी म्हणाले आणि बटण ओढलं.

डावा दिवा लागला आणि उजव्याऐवजी हॉर्न बोंबलला. बटण आत ढकललं, गप्प. हॉर्न दाबला तर उजवा दिवा मिचकला. गर्दी अशी हसली की झाडावरचे कावळे उडाले.

मुश्ताक फडक्यातून बोटं काढून पुढे झाला. टोकं पाहिली, सगळी काळी. पाना लावला, नट सुटला आणि तीन बोटांतून निसटून खाली गेला. दुसरा धरला, तोही गेला. हसणं थांबलं आणि ते हसण्याहून वाईट होतं. कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हटलं होतं ना, हात गेला त्याचा." मुश्ताकच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हाजराला वाटलं, आत्ता पडदा फाडावा. पण त्याने बोलावल्याशिवाय तिने पुढे जाणं म्हणजे त्याचं उरलंसुरलं नाक कापणं. ती मूठ आवळून उभी राहिली.

मुश्ताक सरळ उभा राहिला. फडकं खांद्यावर टाकलं. तुटका हात सगळ्यांना दिसला.

"हाजरा," त्याने हाक मारली, "बाहेर ये. मले समजून नाई राह्यलं."

ती पदर सावरत आली. कोणाकडेही पाहिलं नाही. डोळे मिटून तिने तारांची टोकं चाचपली. पॉलिशखाली गाठी तशाच होत्या.

"ही रुखमाबाई," ती म्हणाली, "गुणाबाईच्या घरात घुसली हाय."

गर्दीला काही कळेना. तिने दोन नट सोडले, टोकं बदलली, पुन्हा आवळले. कंबरेत वाकून खाली पडलेले दोन्ही नट उचलून लावले. नानाजींनी बटण ओढलं, दोन्ही दिवे लागले. हॉर्न दाबला, तो वाजला, आणि गल्लीतल्या खऱ्या रुखमाबाई ओट्यावरून ओरडल्या, "कोण बोंबलून राह्यलं रे?"

नानाजींनी हाजराकडे पाहिलं, मग मुश्ताकच्या हाताकडे.

"मिस्त्री कोण हाय इथी?"

मुश्ताकने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "कुठी काय लावाचं, ते मी सांगतो, भाऊ. लावते ही. नेफा हिचा, गाठी हिच्या. मी फकत काळं फासलं, लोक हासतीन म्हणून."

हाजराने मान वर केली. अकरा वर्षांत तिने त्याच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकलं ते अख्ख्या गल्लीसमोर. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

नानाजींनी बोनट लावलं. मग म्हणाले, "माह्या धानाच्या गिरणीचं इंजिन हाय सावलीले. ते बी असंच गिचमिड झालं हाय. तुमी दोघंबी या."

मुश्ताक उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच हाजराने विचारलं, "भाऊ, त्याच्यात तारा किती हाय?"