थिनरचा रिकामा ड्रम

ओहोळातला दगड चुलीला लावत नाहीत, तापला की फुटतो, एवढं धुळ्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. सिल्वासाजवळच्या सुरंगी गावापुढं सहलीला तंबू ठोकून बसलेल्या सात इंजिनिअरांना ते ठाऊक नव्हतं. मोबाइलवर बघून त्यांनी ओले गोटे मांडले होते. झुंबरनं ते काढून बांधावरचे कोरडे दगड लावले, तेव्हा त्यांच्यातला प्रकाश साहेब हसला, "वा! आज झुंबर आमचा गुरू."

धुळ्याकडचा झुंबर सिल्वासातल्या त्यांच्याच रंगाच्या कारखान्यात, ड्रमच्या यार्डात ठेकेदाराकडं राबत होता. नऊ वर्षं. त्याचं नाव असलेल्या पर्मनंटच्या यादीवर सोमवारी प्रकाशची सही होणार होती. म्हणून तर हक्काचा रविवार जाळून तो बायकोला, मंजुळाबाईला, घेऊन आला होता. साहेबांना खानदेशी भरीत खायचं होतं, जाळावर भाजलेल्या वांग्याचं.

मंजुळाबाईनं वांगी जाळात सरकवली आणि वारा सुटला. जाळ आडवा होऊन परातीला चाटू लागला.

"आडोसा करा रे," प्रकाश म्हणाला. बसायला आणलेला लोखंडी ड्रम दोघा इंजिनिअरांनी लोळवत आणून चुलीला खेटून उभा केला.

कारखान्याच्या गावात ड्रमचं कुणाला काही वाटत नाही. ड्रममध्ये पाणी, ड्रमवर पाट, ड्रमच्या पत्र्याचं छप्पर. किलवणीच्या चाळीत झुंबर ड्रममधल्याच पाण्यानं आंघोळ करायचा. पण हा थिनरचा होता. आत वाफ कोंडू नये म्हणून असल्या ड्रमचं बूच सैल ठेवायचं, हा यार्डातला पहिला धडा. काल सहलीसाठी हा ड्रम बाहेर काढताना गेटवरचा वॉचमन अडून बसला, बूच घट्ट असल्याशिवाय माल बाहेर सोडणार नाही म्हणाला, आणि झुंबरनं स्वतःच्या हातानं पाना लावून ते आवळलं होतं. पाना यार्डातच राहिला.

"साहेब, थिनरचा आहे तो. मागं घेऊ."

"रिकामा आहे रे."

"रिकामाच वाईट, साहेब. आत वाफ राहते."

"बघा, आता केमिस्ट्री पण शिकवणार!" बाकीचे खिदळले. "तू वांगी बघ."

झुंबरला सोमवार आठवला. तो वांगी उलटू लागला.

मंजुळाबाई ड्रमकडं पाठ करून भाकरी थापत होती. पत्रा टण्ण वाजला. पाचेक मिनिटांनी पुन्हा. ड्रमच्या सांध्यातून थिनरचा, पिकलेल्या केळ्यासारखा गोडूस वास आला.

"अवो, तुमले वास येस का?" ती म्हणाली.

झुंबरनं बघितलं. ड्रमचं सपाट झाकण भाकरीसारखं फुगत होतं. प्रकाशची बायको, मेधा, मोबाइल घेऊन मंजुळाबाईच्या शेजारी उकिडवी बसली. "मावशी, इकडं बघा ना."

"ऊठ, मंजुळे! मॅडम, उठा!" झुंबरनं पाण्याचा हंडा उचलला आणि अख्खा चुलीवर ओतला. राख उडाली, परातीतलं पीठ काळं झालं, मेधा किंचाळली.

प्रकाशनं त्याची कॉलर धरली. "अक्कल आहे का? बाई भाजली असती! नीघ इथून. आणि उद्या गेटवर दिसू नकोस."

"नाही दिसणार. पण तो ड्रम लांब टाका, साहेब. हात जोडतो."

"चालायला लाग!"

दोघं पायवाटेनं निघाली. मंजुळाबाईच्या लुगड्याला पीठ आणि राख. ते झटकत ती चालत राहिली. मग म्हणाली, "नऊ साल."

"गेले," झुंबर म्हणाला.

वळणावर तिनं मागं बघितलं. झाडांवरून धूर चढत होता, काळा, जाड. डिझेल ओतून पेटवल्यासारखा.

"त्यास्नी परत चूल पेटाडी."

झुंबर थांबला. तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगायला तो त्यांचा कोण लागत होता? पण बूच त्याच्या हातानं आवळलेलं होतं. त्यानं चपला काढल्या आणि आल्या वाटेनं मागं पळत सुटला.

"जाऊ नका!" मंजुळाबाई ओरडली.

"ड्रम!" तो ओरडत होता. "ड्रम सोडा, पळा!"

तंबूचं निळं कापड दिसू लागलं. मेधाचं हसणं ऐकू आलं. आणि मग धडाका होऊन पायाखालची जमीन हलली.